परतीचा ठोका

“भरकटलात रे. या आता घरी.”

ताईचा हा आवाज पंधरा वर्षं झाली तरी कानांतून उतरत नाही. तो चढवायची तिला कधी गरज पडली नाही. शिलाईच्या टेबलावर कात्रीचा एक ठोका आणि मागोमाग एवढे शब्द.

बाबा लोकांना मोटार चालवायला शिकवायचे. त्यांना अर्धांगवायू झाला, मोटार विकली आणि गॅरेज रिकामं झालं. एका कोपऱ्यात ताईनं मशीन मांडून पडदे शिवायला घेतले. उरलेल्या जागेत आम्ही घुसलो. मी गिटारवर, बेस वाजवणारा वायरमन, कीबोर्डवर शाळेतल्या बाई आणि ड्रमवर डबा. लहानपणी पत्र्याच्या डब्यांवर हात बसवलेला, म्हणून डबा. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या. मोटारीच्या तेलाचा डाग होता तिथे ड्रम बसले.

आमच्या गाण्यांना सुरुवात असायची, शेवट नसायचा. एक धून धरायची आणि सुटायचं, ज्याला जिकडे ओढ लागेल तिकडे. परत कधी फिरायचं हे वाजवणाऱ्याला उमगत नाही. त्याला वाटतं, अजून जरा पुढे. ते ताईला उमगायचं. दातांनी दोरा तोडता तोडता ती ऐकायची आणि आम्ही दमायच्या क्षणभर आधी ठोका द्यायची. चौघं एकदम मूळ धुनेवर. धूनही तिचीच, शिवताना गुणगुणलेली:

वाट पुसते पायाला, किती दूर जायचं बाई
दार उघडं घराचं, कडी लाविलेली नाही

डबा वाजवताना फक्त त्या कात्रीकडे बघायचा.

“मास्तर, आज लवकर बोलावलंत,” तो ताईला म्हणायचा.

“तुझी पावलं अडखळायला लागली होती,” ती मान वर न करता म्हणायची. मग कापड उलटं शिवलेलं निघायचं आणि ती गुपचूप उसवत बसायची.

हळूहळू लोक रस्त्यावर सतरंज्या टाकून ऐकायला बसू लागले. मग एका कॅफेत दर शनिवारी, मग कॉलेजांतून, आणि एक दिवस मोकळं मैदान, समोर तीन हजार माणसं. तिथे ठोका द्यायला ताई नव्हती. आम्ही मूळ धून सोडली ती सोडलीच. पाऊण तास झाला, कोणालाच परत येता येईना. शेवटी न सांगता उठून जाणाऱ्या पाहुण्यांसारखं एकेक वाद्य गप्प झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, ही आमची नवी तऱ्हा.

त्या टाळ्यांनी आम्हाला वर्षभराचा दौरा मिळवून दिला. डबा म्हणाला, “मास्तरांना न्यायला हवं. स्टेजवर टेबल मांडू, कात्री देऊ. गातीलही. मला काही विचारायला जमणार नाही. तू विचार, धाकट्या.”

मी घरी आलो तेव्हा ताई बाबांना भरवत होती.

“काय ठरलं तुमचं?” तिनं विचारलं. चमचा हवेतच थांबला होता.

ही आली तर हा चमचा कोणाच्या हातात? मी त्या चमच्याकडे बघत राहिलो.

“दौऱ्याचं ठरलं,” म्हणालो. “बाकी काही नाही.”

दुसऱ्या दिवशी बँडला सांगितलं, ताई नाही म्हणाली. डब्यानं काठ्या पिशवीत घातल्या आणि पिशवीचं तोंड बराच वेळ बांधत बसला.

परतीसाठी वायरमननं आमच्या पायाशी लाल दिवा बसवला. बाजूला बसलेला माणूस घड्याळ बघून बटण दाबतो आणि आम्ही परततो, भोंगा झाल्यावर कामगार सुटतात तसे. बँड मोठा झाला. स्वतःची बस आली, रेकॉर्ड निघाल्या, पोरं आमच्यासारखे केस ठेवू लागली. पण कोण दमलंय हे दिव्याला काय कळणार? प्रत्येक कार्यक्रमात ठोक्याच्या जागेवर मी कान लावतो आणि तिथे नुसता उजेड होतो.

बाबा मागच्या वर्षी गेले. आज दुपारी मी घरी आलो तर डबाही गल्लीच्या तोंडापर्यंत आला, पण गाडीतून उतरेना. “नाही म्हटलेल्या घरात कोणत्या तोंडानं यायचं?” म्हणाला. केस पिकलेत त्याचे. लग्न त्यानंही केलं नाही, ताईनंही नाही.

ताई गॅरेजमध्ये पडद्याची किनार दुमडत होती.

“नवी रेकॉर्ड ऐकली तुमची,” ती म्हणाली. “तिसऱ्या गाण्यात अकराव्या मिनिटाला दमलात. पुढे नुसती पायपीट. डबा तर त्याच्याही आधी दमलाय.”

“तो बाहेर आहे, ताई. गाडीत.”

सुई थांबली.

“राहू दे बाहेर. मला एकदा विचारायला त्याची जीभ झिजत होती का?” ती किनारीवर नख फिरवत राहिली. “मी बॅग भरून ठेवली होती रे. शेजारच्या मावशींशी बोलले होते, बाबांसाठी माणूस ठेवायचा म्हणून. आठ दिवस बॅग तशीच होती. मग म्हटलं, आपण गॅरेजपुरतेच मास्तर.”

मी गप्प राहिलो असतो तर आजही निभावलं असतं. ही त्याच्यावर रागावलेली, तो हिच्यावर रुसलेला आणि मी दोघांचाही लाडका. मी तिच्या हातातला पडदा काढून बाजूला ठेवला.

“त्यानं विचारलं होतं, ताई. सगळ्यात आधी तोच बोलला. निरोप माझ्याकडे दिला होता. तू आली असतीस तर बाबांजवळ मला थांबावं लागेल, या भीतीनं मी तो तुला दिलाच नाही. आणि त्यांना सांगितलं, तू नाही म्हणालीस.”