सव्वीस निरोप

माझा धाकटा भाऊ ओग्वेनो समुद्राएवढ्या तळ्यात ओमेना नावाची बारकी मासळी धरायला गेला आणि नुसती होडी परत आली. प्रेतही मिळालं नाही. राहिले ते आईच्या फोनमध्ये, निरोपांच्या ॲपवर, त्याच्या आवाजातले सव्वीस निरोप. ‘आई, जेवलीस का’, ‘आई, मासळी आणतोय, टोपली काढून ठेव’, असलेच. आई ते रोज दुपारी ओसरीवर बसून ऐकायची.

मी किसुमू शहरात फोनच्या दुकानात कामाला, त्यामुळे घरात शहाणी मीच. खातं उघडायचे आकडे फोनवर आले तर ते परक्या माणसाला सांगायचे नाहीत, हे मी आईकडून घोकून घेतलं होतं.

सात महिन्यांनी त्याच्या बायकोला, दोर्सिलाला, मुलगा झाला. पोरगा रडायचा थांबेना. आमच्यात बाळ असं रडलं की घरातलं गेलेलं कुणीतरी आपलं नाव मागतंय म्हणतात. एकेक नाव पुकारायचं, ज्या नावाला बाळ गप्प होईल ते त्याचं. आजोबा, पणजोबा, काका सगळे झाले. ओग्वेनोचं नाव मात्र आई घेऊ देईना. त्याला हवं असेल तर तो स्वतः येऊन मागेल, म्हणाली.

आणि त्याच्याच नंबरवरून निरोप आला. ‘आई, चुकून तुझ्या फोनवर सहा आकडे गेलेत. लवकर पाठव.’ बंद पडलेला नंबर कुणा भामट्याच्या हाती लागला होता. आमच्याकडे कुठल्याही म्हाताऱ्या बाईला आईच म्हणतात. पण पडद्यावर भावाचं नाव होतं. आईने आकडे पाठवले. ॲपवरचं तिचं खातं चोराच्या हाती गेलं, आणि तिच्या नावाने चर्चच्या बायकांकडे आकडे मागितले जाऊ लागले.

मी तणतणत गावी गेले. आईला नको नको ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं.

“अपोंडी, परक्याला देऊ नको म्हणालीस,” ती म्हणाली. “तो परका होता का?”

मी फोन हिसकावला, रागारागात ॲप काढून टाकलं आणि नव्याने घातलं. आठवड्याने खातं परत मिळालं, तेव्हा भावाच्या नावाखाली काहीच नव्हतं. चोराने निरोपांना हातही लावला नव्हता, ते फोनमध्येच होते. ॲप काढताना मीच ते पुसले. हेच करू नका म्हणून मी गिऱ्हाइकांना रोज बजावते. मला माझीच किळस आली.

त्याच दुपारी आईने बाळाला मांडीवर घेतलं आणि हाक मारली, “ओग्वेनो.”

पोरगा गप्प झाला.

“बघ, नाव मागायलाच आला होता,” आई म्हणाली. “आता लाव त्याचा आवाज. त्याचा त्याला ऐकू दे.”

बाळ माझ्याकडे टक लावून बघत होतं. फोन माझ्या हातात होता.

“ते चोराने नेले गं,” मी म्हणाले. “सगळे.”

पोरगा पुन्हा रडायला लागला. आईने त्याला थोपटलं, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“अपोंडी,” ती म्हणाली, “हा का रडतोय?”