दुपारचा अर्धा तास

सुतारकामाचं दुकान दोघा भावांचं. धाकटा जेवण झालं की फळ्यांच्या थप्पीवर अर्धा तास आडवा व्हायचा, म्हणून त्याचं नाव पडलं 'सरकार'.

"सरकारांची झोप झाली का?" थोरला रोज विचारी.

"झाली रे दादा. रंधा मारून लाकूडसुद्धा तापतं, मी तर माणूस."

थोरल्याला बसणं माहीतच नव्हतं. घास तोंडात, पेन्सिल कानावर. त्याची बायको म्हणायची, "हे झोपेतसुद्धा मापं घेतात!"

मग शाळेच्या दोनशे बाकांचं काम आलं. शाळा उघडायच्या आत द्यायचं होतं. थोरल्याने दुपारची झोप बंद केली. सरकार कुरकुरले नाहीत. नवव्या दिवशी मात्र जेवून हात धुताना धाकटा म्हणाला, "दादा, आज दहा मिनिटं टेकू दे. डोळ्यांवर झापड येतेय."

"एवढ्या फळ्या काप, मग खुशाल तंगड्या पसर."

धाकटा करवतीच्या मशीनपाशी गेला. थोरला पाठमोरा खिळे ठोकत होता. करवतीचा आवाज मध्येच बदलला, म्हणून त्याने वळून पाहिलं. धाकट्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती.

हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर धाकट्याने एवढंच विचारलं, "बाक किती राहिले?" त्याने शिवी हासडली असती तर थोरल्याला सोसलं असतं. हे सोसलं नाही. तो बाहेर जाऊन जिन्यात बसला आणि ढसाढसा रडला.

उरलेले बाक दुसऱ्या दुकानाने केले. धाकटा चार महिने घरी होता. झोपायला आता दिवसच्या दिवस मोकळे होते, पण डोळ्याला डोळा लागत नव्हता. एक दिवस धाकट्याची बायको दुकानात आली.

"भाऊजी, हे भिंतीकडे तोंड करून पडून असतात. कामाला न्या त्यांना."

"कुठल्या तोंडाने नेऊ?"

"ते तुमचं तुम्ही बघा. पण न्या."

थोरल्याने त्याला आणलं. डाव्या हातात पॉलिशपेपर घेऊन घासायचं, उजव्या तळव्याने लाकूड दाबून धरायचं. तासाभरात तो हात सुजे, ठणके. मग थोरला मशीन बंद करी आणि दोघं दाराशी बसत. ठणका ओसरला की पुन्हा काम. दिवसातून तीन-चारदा असं चाले. कामंही त्याने तेवढीच घ्यायला सुरुवात केली, आणि कुणी घाई केली की सरळ नाही म्हणू लागला.

दोन-अडीच महिन्यांनी थोरल्याच्या ध्यानात आलं, की दहा वर्षं छळणारी आपली कंबर दुखायची थांबलीय. सकाळी उठताना भिंतीचा आधार लागत नाही. अंगात हुशारी आहे. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाराशी बसल्या बसल्या धाकट्याने विचारलं, "दादा, कंबर काय म्हणतेय?"

थोरल्याने त्याच्या हाताकडे बघायचं टाळलं. "दुखतेय रे," तो म्हणाला. "पहिल्यासारखीच."