लेखकाच्या रकान्यात एकच नाव

सणसरच्या मळ्यातल्या घरात, वरच्या खोलीत बसून संजीवनी नेमकं काय करते, हे गावाला कधी नीट कळलं नाही. पुण्यातली नोकरी सोडून ती आली ती आईच्या आजारपणात. आई गेली आणि संजीवनी राहिली ती राहिलीच. खाली अप्पा, म्हणजे तिचे वडील, त्यांचा ऊस आणि दोन गाई. वर ती आणि संगणक. कुणी विचारलं तर अप्पा म्हणायचे, "घरूनच हाय तिचं काम, बाहेरच्या कंपनीचं." विचारणारा "व्हय का" म्हणायचा आणि ऊसतोडीच्या गोष्टीवर यायचा.

खरं तर ती कंपनी नव्हतीच. लेख, मासिकं, वार्तापत्रं इंटरनेटवर प्रसिद्ध करायचं ते एक मुक्त सॉफ्टवेअर होतं. कुणीही फुकट घ्यावं, हवं तसं वापरावं. देशोदेशीची थोडी माणसं मिळून ते सांभाळत आणि त्यातलं एपीआयचं काम संजीवनीकडे होतं. एखाद्या ॲपला या सॉफ्टवेअरकडून लेख हवा असेल तर तो कसा मागायचा, आणि उत्तर कोणत्या साच्यात मिळेल, याचा ठरलेला करार म्हणजे एपीआय. दिलेला करार मोडायचा नाही, हा संजीवनीचा नेम होता. बदल करायचाच असेल तर नवी आवृत्ती काढावी आणि जुनी तिच्या शेजारी चालू ठेवावी. म्हणजे जुनीवर विसंबलेली ॲप्स एका सकाळी अचानक बंद पडत नाहीत.

बरोबर काम करणारी माणसं तिनं कधी पाहिली नव्हती. बैठकीत सगळ्यांचे कॅमेरे बंद असायचे. असेही दिवस जायचे की "अप्पा, चहा ठेवलाय" एवढंच काय ते ती मोठ्यानं बोललेली असायची.

म्हणून त्या सॉफ्टवेअरच्या चर्चापानावर एक दिवस देवनागरीत मजकूर दिसला तेव्हा तिनं तो दोनदा वाचला. "लेखक म्हणून एकच नाव टाकता येते. आम्ही दोघे मिळून लिहितो, मी मोहनराव आणि माझी पत्नी अनिता. दोन नावांची सोय करावी. मु. पो. पणदरे." पणदरे म्हणजे बारामतीच्या पलीकडे, तिच्या घरापासून स्कूटीवर तासाभराची वाट. ज्यांच्याशी तिचा रोजचा व्यवहार ती सगळी समुद्रापलीकडे, आणि हा माणूस शेजारच्या तालुक्यात.

मोहनराव दूध संस्थेत सचिव होते, आता निवृत्त. नवरा-बायको गावातल्या थकल्या माणसांकडे जाऊन बसायची, जुन्या आठवणी विचारायची आणि त्या लिहून याच सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या आपल्या साईटवर टाकायची. बारामतीत शिकणाऱ्या पोरांनी कधीतरी त्यांना एक छोटं ॲप करून दिलं होतं. गाव त्या ॲपवरच वाचायचं. पोरं पुढं नोकऱ्यांना पांगली.

संजीवनीनं उत्तर दिलं, "मागणी रास्त आहे. पण पहिल्या आवृत्तीत लेखकाचा रकाना एकाच नावाचा आहे. त्यासाठी दुसरी आवृत्ती काढावी लागेल. वेळ लागेल."

वेळ लागला, आणि फार लागला. एका नावाच्या जागी अनेक नावं म्हणजे शोध बदलला, परवानग्या बदलल्या, भाषांतरं बदलली. मधेमधे मोहनराव विचारायचे, "ताई, झाले का?" ती लिहायची, "चालू आहे." पुढं त्यांचं विचारणं थांबलं. कामाच्या गडबडीत ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

दुसरी आवृत्ती बाहेर पडली तेव्हा तिनं सगळ्यात आधी त्यांना कळवलं. उत्तर आलं नाही. साईटवर फोन नंबर होता, तो तिनं लावला.

"मोहनराव बोलतोय."

"तात्या, मी सणसरची संजीवनी. तुमची दोन नावांची सोय झाली."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "अनिता गेली गं. दिवाळीच्या आधी."

संजीवनीची बोटं आपसूक कीबोर्डवर गेली होती, जणू तिथं काही उत्तर टाईप करता येईल. शेवटी तीच म्हणाली, "मी येऊ का उद्या?"

"ये की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. समोरून एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांच्या मोटारसायकली येत होत्या, डबे हँडलला अडकवलेले. बारामती ओलांडून पणदऱ्यात पोचली तेव्हा मोहनराव पडवीत संगणक उघडूनच बसले होते. चहा त्यांनीच केला. साखर फार झाली होती. तिनं कप संपवला.

तिनं त्यांना नवा रकाना दाखवला. पहिलं नाव, मग दुसरं, वाटेल तितकी. मोहनरावांनी एक लेख उघडला, स्वतःच्या नावाखाली एकेक अक्षर शोधत 'अनिता' टाईप केलं आणि लगेच मोबाईल उचलला. ॲपवर नाव एकटं त्यांचंच दिसत होतं.

"हितं कुठं आलं?"

याच प्रश्नाची तिला रस्ताभर धास्ती होती. "तात्या, ॲप जुन्या आवृत्तीवर चालतं. तिच्यात एकच नाव मावतं. दोन दिली तरी ती पहिलं तेवढं घेते."

"दोन्ही जोडून न्हाय का घालता येत? 'मोहनराव आणि अनिता' असं?"

"मीही बैठकीत तेच सुचवलं होतं. पण ती दोन नावं एका माणसाचं नाव म्हणून धरली जातात, आणि तसा माणूस कुठंच नसतो. दुसऱ्यांची ॲप्स त्यावर अडखळतात. आधी दिलेला शब्द मोडता येत नाही." हे बोलताना आपलाच नियम तिला फार कोरडा वाटला. "ॲपच नवं करावं लागेल. मी करीन, पण महिने जातील."

मोहनराव मोबाईलकडं बघत राहिले. "पहिलं तेवढं घेतं म्हणलीस?"

"हो."

"मग तिचं पहिलं लाव."

"पण मग ॲपवर तुमचं नाव दिसणारच नाही. लोकांना वाटेल तुम्ही लिहिलंच नाही."

"वाटू दे. येऊन इचारतील तरी." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "अगं, ती गेल्यापासून माझ्याम्होरं तिचं नाव कुणी काढत न्हाय. वाईट वाटंल म्हणून. चौकात गेलो की बोलणं बदलत्यात, दुधाचा दर काढत्यात. घरात मी एकटा, भायेर गेलो तर ही अशी चुप्पी. नाव बघितलं तर निदान इचारतील, हे कसं काय म्हणून."

संजीवनी म्हणाली, "सगळे लेख एका फटक्यात बदलता येतील. एवढासा प्रोग्रॅम लिहिते."

"नगं. एकेक करतो. तू बस फक्त."

मग ती बसून राहिली. ते एकेक लेख उघडत, अनिताचं नाव वर घेत, आणि मधेच थांबून सांगत, ही म्हातारी आधी बोलायलाच तयार नव्हती, अनिता तिच्या शेंगा निवडू लागल्यावर बोलली. हा लेख मी लांबवला म्हणून अनिता चिडली होती. दुपार झाली. कुणी इतकं सलग संजीवनीशी बोलल्याला किती काळ लोटला होता, ते तिला आठवेना.

नंतरच्या बैठकीत दुसऱ्या आवृत्तीबद्दल पडद्यावर पसंतीचे अंगठे उमटले आणि विषय पुढं गेला. जुनी आवृत्ती बंद कधी करायची, असं कुणी विचारलं. संजीवनी म्हणाली, "अजून नको. वापरणारे आहेत."

"बरेच आहेत का?"

"नाही. पण आहेत."

वर्षभर चालू ठेवायचं ठरलं. कारण कुणी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

काही आठवड्यांनी मोहनरावांचा फोन आला. डेअरीवरच्या रेश्मानं त्यांना थांबवून विचारलं होतं, "तात्या, काकींचं नाव कसं काय सगळीकडं?" मग कॅन बाजूला ठेवून काकींनी तिला लोणचं घालायला कसं शिकवलं ते सांगत बसली. मागं रांग लागली. रांगेतलाही एकजण काही सांगू लागला.

"रविवारी ये," ते म्हणाले. "नवा लेख धरलाय. पण एकट्या पुरुषाला बाया बोलत न्हाईत, कुणीतरी बाईमाणूस बरूबर पायजे."

"बघते," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, 'येते' म्हणायला हवं होतं.

संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "अप्पा, रविवारी मी पणदऱ्याला जाणारे."

"कुणाकडं?"

ती सांगू लागली. त्या दोघांचं लिहिणं, एका नावाचा रकाना, दुसरी आवृत्ती. आपलं काम अप्पांना ती पहिल्यांदाच असं सांगत होती, आणि अप्पा भाकरी हातात धरून ऐकतही होते. अनिताबाई गेल्याचं तिनं सांगितलं तेव्हा ते ताटाकडं बघू लागले. तेवढ्यात मळ्यातला दिवा लागला. पंपाची लाईट आली होती.

"उसाला पाण्याचं बारं द्यायचं राहिलंय," म्हणून अप्पा उठले. दारात घुटमळले, आणि बॅटरी घेऊन उसाकडं निघून गेले.

त्यांची उरलेली भाकरी तिनं झाकून ठेवली. भांडी घासून वर गेली, आणि मोहनरावांना कळवलं, "तात्या, येते."