सुतकाच्या घरचं पिठलं

डबा देऊन निघताना फकिराच्या तोंडून ‘येतो’ निघालं आणि आवडाबाईंनी त्याची बाही धरून त्याला जिन्यावरून खाली आणलं.

“सुतकाच्या घरी येतो म्हणत्यात व्हय रं? गुमान निघायचं. किती बारी सांगू?”

“सवय हाय, बाई.”

“आपल्या धंद्यात ही सवय चालत नाय.”

फकिरानं टेंपो सुरू केला.

सुतकाच्या घरी जेवण पोचवायचा धंदा काढायचं कुणाच्या मनात आलं नसतं. माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणून देतात. पण सिडकोत आवडाबाईंचे यजमान गेले, तेव्हा कुणाचाच डबा आला नव्हता. दुसऱ्या संध्याकाळी भुकेनं डोळ्यांपुढं अंधारी आली तेव्हा त्यांनी स्वतःच स्टोव्ह पेटवला आणि पहिला घास तोंडात घेऊन मोठ्यानं रडल्या. पुढं कुठं कुणी गेल्याचं कळलं की त्या न बोलावता डबा घेऊन जाऊ लागल्या. लोक आधी बिचकले, मग आपणहून फोन करू लागले. आता हर्सूलला मोठं स्वयंपाकघर होतं, भाकरी थापायला बायका होत्या आणि डबे पोचवायला टेंपो होते.

फक्त आनंदाच्या दिवशी त्यांची आठवण कुणाला होत नसे. भाचीच्या घरी बारसं होतं म्हणून हौसेनं लाडू पाठवले, तर डबा वरच्या कागदासकट परत आला. ते लाडू त्यांनी एकटीनंच खाऊन संपवले. एकदा तरी कुणी आवडीनं आपल्या हातचं मागून खावं, एवढंच त्यांना हवं होतं.

पुढचा डबा छावणी भागात द्यायचा होता, एकाच माणसापुरता. फकिराला खाली थांबवून त्या स्वतः वर गेल्या. काकासाहेब म्हणून कुणी होते. त्यांनीच दार उघडलं. अंगात इस्त्रीचा सदरा. घरात माणसांची ये-जा नव्हती, कोपऱ्यात पिठावरचा दिवाही नव्हता.

“कोण गेलं?” बाईंनी हळूच विचारलं.

“कुणी नाय.”

“थट्टा करता काय? हे सुतकाचं जेवण हाय!”

“ठाऊक हाय. आमच्या मंडळी गेल्या तवा तुम्हीच आणलं होतं. लोकांनी बळंच दोन घास भरवले. चव काय ती कळलीच नाय त्या दिशी.” काकासाहेबांनी ताटं पुसून मांडली. दोन. “म्हटलं, एकदा नीट खाऊन बघावं. बसा.”

आवडाबाई नाही म्हणता म्हणता बसल्या. कुणाच्या तरी समोर बसून जेवायचं त्या विसरूनच गेल्या होत्या. त्यांनी भाकरी मोडली.

काकासाहेबांनी घास सावकाश चावला.

“मीठ कमी हाय.”

“कमी?” बाई फणकारल्या. “इतक्या वर्षांत कुणी बोललं नाय मला!”

“कोण बोलणार, बाई?”

बाईंनी स्वतः घास घेतला. खरंच, मीठ कमी होतं. त्यांना आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. पदरानं तोंड पुसत त्या तशाच जेवत राहिल्या.

जेवण झाल्यावर त्यांनी डबा आवरला आणि नेहमीसारख्या मुकाट्यानं चपला पायात सरकवल्या. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून मात्र त्या थांबल्या आणि मागं वळल्या.

“येते,” त्या म्हणाल्या.

खाली टेंपोपाशी उभ्या फकिरानं चमकून वर पाहिलं.