परिपाठाच्या वहीतली बातमी

"मूठ आवळ," साधना म्हणाली.

अक्षताने नुसती बोटं मिटली. दंडाला रबरी पट्टा बांधूनही शीर वर येईना. साधनाने कोपराच्या खोबणीत दोन बोटांनी चाचपलं. तिथली कातडी अर्धी गव्हाळ होती, अर्धी दुधासारखी पांढरी. सुई पांढऱ्या बाजूने आत गेली आणि जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त उतरू लागलं.

"मम्मी, आता काय बघायचं राह्यलं?"

"बी-ट्वेल्व्ह परत. आन् हिमोग्लोबिन."

"नॉर्मलच निघंल."

"निघू दे."

शहरातल्या मस्तगड भागातल्या त्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये साधना सोळा वर्षं काम करत होती, अक्षताची दहावी होईपर्यंत गावाहून रोज ये-जा करून. तिच्या हातचा रिपोर्ट चुकला म्हणून कोणी परत आलं नव्हतं. दिवाळीपासून अक्षता कॉलेजला गेली नव्हती. अकरावी सायन्सची पुस्तकं नव्या कव्हरांसकट तशीच पडून होती. ती चार-चार दिवस आंघोळ करायची नाही, दुपारी तीनला उठायची आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायची. तेव्हापासून साधनाने तिचं रक्त काढण्याची ही सहावी वेळ होती. थायरॉइड, साखर, कॅल्शियम, डी व्हिटॅमिन. दर वेळी आकडा मर्यादेत बसायचा आणि दर वेळी साधनाला मशीनचा राग यायचा. पोरगी आजारी आहे हे तिला डोळ्यांनी दिसत होतं. मग तो आजार कुठल्या तरी ट्यूबमध्ये उतरायलाच हवा होता.

सहावा रिपोर्टही नॉर्मल आला. लॅबच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तो कागद साधनाच्या हातात परत दिला.

"ताई, पोरीच्या अंगात थोडं रक्त राहू द्या आता. हे आपल्या मशिनीत येणार न्हाई. मीना मॅडमकडं न्या तिला."

मीना मॅडम मानसोपचाराच्या डॉक्टर. त्यांनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं. मग विचारलं, "शाळेत कसं होतं गं?"

साधनाच उत्तर द्यायला निघाली. मीना मॅडमनी तिला हातानेच थांबवलं.

"परिपाठात बातम्या असतात ना, मॅडम," अक्षता म्हणाली.

रोज सकाळी वर्ग भरण्याआधी सगळी शाळा पटांगणात बसते. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, मग बातम्या. बातम्या आळीपाळीने मुलंच लिहून आणतात आणि माईकवर वाचतात.

"आठवीत मला हे पांढरं आलं. मंग वर्गातल्या पोरांनी स्थानिक बातमी सुरू केली. नकाशाची. नकाशा म्हणजे मी."

"रोज?"

"महिन्यातून दोन-तीनदा. दहावी होईस्तोवर."

"आणि बाकीची मुलं?"

"हसायची. सगळी शाळा."

"सर काही बोलत नव्हते?"

"सर सही करायचे. परिपाठाच्या वहीत बातमी लिहायची, त्याच्यावर सरांची सही घ्यायची, मंगच माईक मिळतो."

"घरी सांगितलं होतंस?"

अक्षताने आईकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. असती तर साधनाला बरं वाटलं असतं.

"सांगितलं होतं. मम्मी म्हणली, कोड लागत न्हाई म्हणून समजावून सांग त्यांना."

साधनाला तो कागद आठवला. रंगपेशी म्हणजे काय, त्या कमी झाल्या की डाग कसे पडतात, स्पर्शाने ते का पसरत नाहीत, हे सगळं तिने चांगल्या अक्षरात लिहून दिलं होतं. आकृतीसुद्धा काढली होती. पोर कागद दप्तरात घालून गेली, आणि आपण काम केलं असं साधनाला वाटलं होतं.

मीना मॅडमनी डिप्रेशन हा शब्द उच्चारला, गोळ्या लिहून दिल्या, दर बुधवारी यायला सांगितलं. जिना उतरताना अक्षता मधल्याच पायरीवर थांबली.

"मला माफी बिलकुल नको कोणाची. फक्त तिथंच, तेवढ्या सगळ्यांसमोर, कोणीतरी एकदा म्हणायला पाहिजे होतं, ही बातमी न्हाई. तीन वर्षांत एकपण माणूस म्हणला न्हाई, मम्मी."

संध्याकाळी साधनाने नवऱ्याला सांगितलं. राजानंद चपलेचा अंगठा चाचपू लागला.

"आता उकरून काय करती? पोरगी चांगली पास झाली. आपण ते गाव सोडलं."

"आपण सोडलं," साधना म्हणाली. "तिचं काय सुटलं?"

दुसऱ्या दिवशी तिने लॅबमध्ये रजा सांगितली आणि सकाळची भोकरदन गाडी धरली. शाळा केदारखेड्याच्या पुढे, फाट्यावरून आत दोन किलोमीटर. ते अंतर ती पायी चालली. एवढ्या वर्षांत तिने राग असा कधी अंगात वागवला नव्हता. तो पायात उतरला होता. तिला धाप लागली नाही.

परिपाठाच्या वहीवर सही करणारे कल्याण सर ऑफिसात चहा घेत होते. त्यांनी तिला लगेच ओळखलं.

"या या, साधनाताई! अक्षता काय म्हणती? डॉक्टर होणार न्हाई का? शाळेचं नाव काढलं पोरीनं."

"सर, परिपाठाच्या जुन्या वह्या बघायच्या होत्या. तिच्या वेळच्या."

सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट ते खुशीत उठले आणि त्यांनी स्वतः कपाट उघडलं. तीन वह्या, खाकी कव्हर घातलेल्या, पाठीवर सालाच्या चिठ्ठ्या.

"एक पान कोरं सापडायचं न्हाई तुम्हाला. तपासणीला साहेब आल्ते ना, त्यांनी शेरा दिला. उत्कृष्ट."

साधनाने उभ्यानेच वही उघडली. ती रिपोर्ट वाचते तशी वाचत गेली: आधी तारीख, मग नोंद, मग सही. सुविचार, दिनविशेष, देशाची बातमी, खेळाची बातमी, स्थानिक बातमी. अक्षरं वेगवेगळ्या मुलांची होती. सही एकाच हाताची होती. ती पानं उलटत राहिली. तिन्ही वह्यांत मिळून नकाशाच्या एकाहत्तर बातम्या होत्या आणि एकाहत्तर सह्या होत्या.

"सर, ह्या वाचून सह्या केल्या का न वाचता?"

सरांनी चष्मा लावून पान पाहिलं आणि चष्मा काढला.

"रोजचं काम हाये, ताई. कोण वाचत बसतं? मला वाटलं, भूगोलाचं असंल काही."

"म्हणजे न वाचता."

"तसं न्हाई... लेकरं हायती, गंमत करतेत. थोडं हसले म्हणून काय—"

"म्हणजे वाचून."

बाहेर प्रार्थना संपून सुविचार सुरू झाला होता.

"चला बाहेर," साधना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच सर दचकले. "सगळ्यांसमोर एकदा म्हणा, ह्या बातम्या नव्हत्या. एवढंच म्हणा. मी जाते."

"ताई, दोन वर्षांवर रिटायरमेंट आलं माझं. आन् ही लेकरं नवी हायती, ह्यांना काय माहीत त्यातलं? झाकलेलं काहून उघडायचं?"

"झाकलेलं? ह्याला उत्कृष्ट शेरा हाये, सर."

तिने वह्या छातीशी धरल्या आणि ती पटांगणात गेली. सर मागून "अहो ताई, अहो" करत आले, पण दोनशे मुलांसमोर त्यांना तिचा हात धरता येईना. माईकपुढे सातवीतली शालू आजची वही घेऊन उभी होती.

"बाजूला हो बाळा. आज बातम्या मी वाचते."

कोणी पाहुण्या बाई असतील, असं समजून शालू सरकली. मुलं ताठ बसली.

"स्थानिक बातमी," साधनाने वाचलं. "नकाशात आणखी एका जिल्ह्याची भर. उजव्या कोपरावर. खाली सही, कल्याण सर."

पटांगण हसलं. पाचवीच्या रांगा तर मनापासून हसल्या. साधनाने ते ऐकून घेतलं. हसणं कसं असतं ते तिला आज पहिल्यांदा कळलं. ते दुष्ट नव्हतं, नुसतं मोठं होतं. त्याच्या मधोमध एक पोर तीन वर्षं मांडी घालून बसली होती.

"नकाशा आज ओढणी गुंडाळून आला. हवामान ढगाळ. सही, कल्याण सर."

पुन्हा हसले. दोघी-तिघी शिक्षिका मात्र एकमेकींकडे बघू लागल्या.

"नकाशाचा पाण्याचा ग्लास वेगळा ठेवावा, अशी विद्यार्थ्यांची मागणी. सही, कल्याण सर."

आता फक्त मागची एक रांग हसली. मुलं मान वळवून सरांकडे बघू लागली. साधनाने पान उलटलं.

"नकाशा चार दिवसांपासून गहाळ. कोणी शोधू नये. सही, कल्याण सर."

कोणी हसलं नाही. बाजूला उभी असलेली शालू, माईक जवळ आहे हे विसरून, म्हणाली, "मंग सापडला का, मॅडम?"

ते सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं.

साधनाने वही मिटली. "नकाशा नव्हता तो," ती म्हणाली. "मुलगी होती. अक्षता नाव आहे तिचं. माझी मुलगी आहे. तिकडं, नळाच्या बाजूच्या रांगेत बसायची. तिच्या अंगावर पांढरे डाग आहेत. आन् ती हसत नव्हती. आता ती घराबाहेर पडत न्हाई." तिने श्वास घेतला. "ही बातमी न्हाई. ह्यातली एकही बातमी नव्हती."

मग तिने सरांकडे पाहिलं. सर पुढे आले. त्यांनी माईक हातात घेतला, घसा साफ केला. क्षणभर साधनाला वाटलं, म्हणतील.

"मौनासाठी डोळे मिटा," सर म्हणाले.

परिपाठात बातम्यांनंतर दोन मिनिटांचं मौन असतं. दोनशे मुलांनी हात जोडले आणि डोळे मिटले. शालूने मिटले. शिक्षिकांनी मिटले. कल्याण सरांनी इतके घट्ट मिटले की गालांना सुरकुत्या पडल्या. एवढ्या माणसांत एकट्या साधनाचे डोळे उघडे होते. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजण्याची तिला सवय होती. तिने घड्याळ पाहिलं.

बावन्न सेकंदांत सर म्हणाले, "विश्राम. वर्गात चला."

रांगा उठल्या, धूळ उडाली, आपापल्या वर्गांकडे निघाल्या. साधना माईकपुढून हलली नाही. मौन दोन मिनिटांचं असतं. उरलेले अडुसष्ट सेकंद ती तिथेच उभी राहिली.