झुंबरबाईंचा नातू

खामगावच्या शाळेला दिवाळीची सुटी लागली आणि मास्तर असलेला इंद्रभान बायको-पोराला घेऊन सोनाळ्याला घरी आला. पोर पाच महिन्यांचं, आजीच्या उंबऱ्यावर पहिल्यांदाच येत होतं. सून पुष्पा नुकतीच तापातून उठलेली, म्हणून वाटेत पोर सांभाळायला तिची आई सत्यभामाबाई सोबत आली होती. पोर तिच्याच खांद्यावर होतं.

झुंबरबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हात पुढे केले. पोरानं ओठ काढला आणि भोकाड पसरलं.

"नवखं हाय अजून," सत्यभामाबाई म्हणाल्या. "दोन दिवसांत ओयखीन तुमाले."

आपल्याच दारात हे आपल्याला कोणी सांगावं, हे झुंबरबाईंना झोंबलं.

पुढचे दिवस तसेच गेले. पोराला तेल लावणं, पायावर घेऊन न्हाऊ घालणं, शेक देणं, झोळीत घालून झोका देणं, सगळं सत्यभामाबाईंकडे. जुनी मऊ लुगडी फाडून शिवलेली दुपटी झुंबरबाईंनी काढून दिली, तीही विहिणीच्याच हातात गेली. अंगणात पोर खिदळलं की चुलीपुढे झुंबरबाईंचा झारा थांबे आणि कढईतल्या करंज्या लाल होत.

नरकचतुर्दशीला त्या सगळ्यांच्या आधी उठल्या. पाणी तापवलं, उटणं कालवलं, पोराला पायावर घेतलं. पोर रडून रडून निळं झालं.

"पानी कढत हाय, इहीनबाई," म्हणत सत्यभामाबाई धावत आल्या.

"दे ना वं तिले," ओसरीवरून शेषराव नवऱ्याच्या हक्कानं ओरडले, "काऊन रडवून राह्यली पोराले?"

झुंबरबाईंनी पोर देऊन टाकलं. सत्यभामाबाईंच्या पायावर जाताच ते गप्प झालं, हेच जास्त लागलं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पणत्यांच्या वाती वळता वळता झुंबरबाई म्हणाल्या, "भाऊबिजेले मोटारी बंद राह्यतात बरं. तुमचे भाऊ वाट पाह्यतीन. पाडव्यालेच निघा."

सत्यभामाबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाल्या.

पाडव्याला जेवणं झाल्यावर त्या पिशवी घेऊन निघाल्या. बाप-लेक शेतात गेले होते. पोरानं थोडा वेळ दाराकडे पाहिलं आणि जे रडायला लागलं ते थांबेना. दूध घेईना, झोळीत राहीना. पुष्पाही त्याच्यासोबत रडू लागली.

"आण इकडे त्याले," झुंबरबाई म्हणाल्या आणि त्याला खांद्यावर टाकून रस्त्याला लागल्या.

शिंगं रंगवलेल्या, गळ्यात झेंडूच्या माळा घातलेल्या म्हशी समोरून चालल्या होत्या. पोर हुंदके देत बघत राहिलं. मग हुंदके लांबले. त्यानं झुंबरबाईंची पोत मुठीत धरली, डोकं त्यांच्या मानेत घातलं आणि झोपून गेलं. हाच भार अंगावर घ्यायला त्या एवढे दिवस तरसल्या होत्या. आता मागं फिरायला हवं होतं. पण बोलता बोलता सांगितलेलं मोटारींचं खोटं मनात टोचत होतं, आणि पाय थांब्यापर्यंत चालतच राहिले.

मोटार उभी होती. टपावर बोजे चढत होते. सत्यभामाबाईंनी त्यांना पाहिलं आणि सवयीनं दोन्ही हात पुढे केले.

झुंबरबाई एक पाऊल मागं सरल्या. "झोपला हाय. माह्याजोळ झोपला."

सत्यभामाबाईंचे हात खाली आले. तोंड बारीक झालं. ते तोंड झुंबरबाईंच्या ओळखीचं होतं. इतके दिवस तेच घेऊन त्या चुलीपुढे बसल्या होत्या.

"उद्या मोटारी चालूच राह्यतात," त्या खाली बघत म्हणाल्या. "म्या खोटं सांगतलं."

"मले मालूम होतं."

"मंग गेल्या काऊन?"

"तुमचं घर हाय, इहीनबाई. नातू बी तुमचा हाय. कवा तरी तुमच्याजोळ राह्यलाच पाह्यजे ना."

झुंबरबाईंनी वाकून एका हातानं पिशवी उचलली. "चाला घरी. उद्या सकायच्या मोटारीनं जा."

"पिशवी द्या इकडे. नाही तं पोरगं द्या."

"पिशवी घ्या."

दोघी निघाल्या. मोटारीच्या भोंग्यानं पोर जागं झालं. मागून येणारी ओळखीची आजी दिसताच खुदकन हसलं. ते हसू झुंबरबाईंना खांद्यावर कळलं, आणि पुन्हा आत काहीतरी चुरचुरलं.

"तुमी पुढं चाला, इहीनबाई," त्या थांबून म्हणाल्या. "मांगून नोका येऊ."

सत्यभामाबाई पदरात हसल्या आणि मुकाट्यानं पुढं झाल्या.