कापसाच्या घरातला बाजा

हे तुम्ही खरं धरणार नाही. मेडशीत कोणी धरलं नाही, आणि मेडशीचे लोक असे की म्हैस झाडावर चढली म्हटलं तर कोणत्या झाडावर, एवढंच विचारतात. तरी परवा शालिग्रामच्या ओट्यावर जसं सांगितलं तसंच लिहितो. खुद्द शालिग्राम शेजारी सुपारी कातरत बसला होता. त्याची बायको गोजराबाई दाराशी सुपात तूर निवडत होती, पाठ आमच्याकडं. साक्षीदार समोर असताना खोटं बोलायला मी काही वकील नाही.

गोष्ट चोपन्न सालची. शालिग्रामचं लग्न त्याच वर्षी झालेलं. दिवाळसणाला त्याच्या सासऱ्यानं, म्हणजे शिरपूरच्या पुंजाजीनं, जावयाला बाजा दिला. चाबी भरायचा, पितळी भोंग्याचा, सोबत पाच तवे. शहरात तबकड्या म्हणतात, आमच्याकडं तवे. पुंजाजीच्या माडीवर हा बाजा असा गाई की देवळात आलेले जात्रेकरू वाट चुकून त्याच्या दारात उभे राहत. गोजराबाई त्याच आवाजावर लहानाची मोठी झाली. तिनं माहेराहून दागिने किती आणले ते मला ठाऊक नाही. पण बाजा गाडीतून उतरला तेव्हा तिनं तो कोणाला हात लावू दिला नाही, स्वतः उचलून आत नेला, हे मी पाहिलं.

आत नेला, चाबी भरली, सुई टेकवली, आणि भोंग्यातून कोणी गोधडीत तोंड खुपसून रडावं तसा आवाज निघाला.

दोष बाज्याचा नव्हता. दिवाळी झाली की आमच्या भागातली घरं कापसानं भरतात आणि माणसं ओसरीत झोपतात. शालिग्रामच्या घरात आढ्यापर्यंत कापूस, मधे बाज्यापुरती वाट. नवा माठ पाणी पितो तसा कापूस आवाज पितो. पण हे पुंजाजीला कोण सांगणार? तो लेकीला भेटायला आला, बाजा ऐकला, आणि त्याला खोट जावयात दिसली. जाताना म्हणाला, "पोरगी देल्ली ते देल्ली. पन बाज्याले असं उपाशी ठेवसान त मी त्याले वापस नेईन. संक्रांतीले येतो."

दुसऱ्या दिवशी शालिग्राम आमच्या तांड्यावर हजर. बैलगाडीचं कोणतं चाक कुरकुरतं हे मी तीन कोसांवरून सांगतो, म्हणून आवाजाचं दुखणं लोक माझ्याकडंच आणतात. तो म्हणाला, "रामसिंगभाऊ, बाजा गेला त घरची काई बोलनार नाई. तेच त भेव हाये."

मी कामाला लागलो. पहिल्यांदा बाजा फळीवरून काढून जात्याच्या दगडी पाळूवर ठेवला, कारण फळी थरथरते आणि ती थरथर सुईला लागते. मग परातीत पाणी घालून ती बाज्याच्या डोक्यावर ठेवली आणि पाणी चारी कडांना सारखं होईस्तोवर खाली खापऱ्या सारल्या. तवा तिरपा फिरला की गाणारी बाई एका पायावर उभी राहून गाते असं वाटतं. लोखंडी सुई झिजली होती, ती फेकली. तिच्या जागी बाभळीचा काटा लावला. उगवतीकडच्या फांदीचा, चुलीच्या धुरात आठ दिवस वाळवलेला. एका तव्याला एक काटा. आवाज मऊ झाला, पण मोठा होईना. कापूस पीतच होता. सरकी काढायच्या जिनात गाडी लावायचा नंबर संक्रांतीनंतरचा, म्हणजे कापूस हलणार नव्हता.

तेव्हा माझी नजर घरातल्या कोपऱ्यातल्या कणगीवर गेली. ज्वारी अजून खळ्यात होती, कणगी रिकामी. शालिग्रामच्या आजाच्या वेळची, तुराट्यांनी विणलेली, आतून बाहेरून शेणामातीनं सारवलेली, दोन पुरुष उंच. तीन माणसांनी हातात हात धरले तरी वेढा पुरत नसे. मी म्हटलं, हाच आपला भोंगा. संक्रांतीच्या सकाळी सहा जणांनी कणगी उचलून अंगणात आणली, आडवी केली, आणि तिच्या बुडाला भोक पाडून त्यात पितळी भोंगा बसवला.

पुंजाजी आला. माणूस असा भरदार की शालिग्रामच्या दारातून त्याला तिरपं होऊनच जावं लागे. आत पाणी प्याला, बाहेर आला, खाटेवर बसला. मी काटा टेकवला.

काय सांगू? तबलजीच्या बोटात अंगठी होती, ती तबल्याच्या काठाला लागलेली ऐकू आली. बाईनं आवंढा गिळला तो कळला. तिच्या मागं कोणीतरी हळूच म्हणालं, पंखा बंद करा, आणि पंखा बंद झाला. गोठ्यातले बैल खाली बसले. तिकडं लांब शेलूबाजार गावात म्हणे एक व्यापारी तागडी हातात धरून तसाच उभा राहिला. ते मी पाहिलं नाही, म्हणून सांगत नाही. पुढं त्या कणगीत ज्वारी भरली, तर वर्षभर त्या पिठाच्या भाकरी तालात थापल्या जात. ताल चुकला की भाकर तुटे.

तवा संपला तरी पुंजाजी उठेना. शेवटी त्यानं डोळे पुसले, पागोटं नीट केलं आणि म्हणाला, जवाईबुवा, बाजा तुमचा.

इथं मी थांबलो. ऐकणारे माना डोलवत होते. शालिग्रामचा अडकित्ता मात्र बऱ्याच वेळापासून बंद होता, आणि तो माझ्याकडं नाही, दाराकडं पाहत होता.

गोजराबाईनं सूप खाली ठेवलं. पाठ तशीच ठेवून, शेजारणीला मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात ती बोलली.

"रामसिंगभाऊ, या दारातून माहा बाप तिरपा होऊन निंगे. तिघाच्या कवेत न मावनारी कनगी तुमी कोन्या दारानं काढली? ते आजेसासऱ्यानं घरातच इनली व्हती. सहा जन दिवसभर दारात तिच्याशी झटले, अन् ते निंगालीच नाई. म्हून त बाजा शिरपूरले गेला."